विगो क्राऊनच्या नावाखाली फसवणूक, कडेचा फोटो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

क्वीन ॲनच्या (इंग्लंडची तेव्हाची राणी) काळातली नाणी जमवणारे, आणि त्यातही इकडे इंग्लंडात राहून ऑनलाइन घेणारे जे कोणी आहेत त्यांनी हे वाचाच, कारण मला गंडवणारा माणूस अजून धंदा करतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1702 मध्ये इंग्रज आणि डच आरमाराने स्पेनच्या विगो खाडीत खजिन्याच्या जहाजांवर हल्ला केला, तिथे हाती लागलेली चांदी लंडनच्या टॉवरमधल्या टाकसाळीत आली (तेव्हा टाकसाळीचा प्रमुख आयझॅक न्यूटन होता, हो तोच) आणि त्या चांदीतून पाडलेल्या नाण्यांवर राणीच्या चेहऱ्याखाली विगो ही अक्षरं आली. त्यामुळे 1703 च्या विगो क्राऊनला (क्राऊन म्हणजे तेव्हाचं मोठं चांदीचं नाणं) मागणी भरपूर.

मला मिळालेलं नाणं सीलबंद प्लास्टिकच्या डबीत होतं, वर ग्रेडचं (नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे त्याचं) लेबल, बारकोड, सगळं एकदम व्यवस्थित. विकणाऱ्याने दोन्ही बाजूंचे फोटो छान मोठे टाकलेले, कडेचा फोटो मागितला तर म्हणे डबीत आहे त्यामुळे कड दिसत नाही, आणि डबी फोडू नका हां, किंमत पडते. मग म्हणाला साइटवरून नको, थेट खात्यात टाका, 40 पौंड कमी करतो. 520 पौंड गेले.

नाणं हातात आल्यावर भिंगातून बघितलं तर विगोची अक्षरं फुगल्यासारखी, कोपरे गोल, आणि आजूबाजूला बारीक बारीक खड्डे. पाडलेल्या नाण्यावर असं होत नाही, साच्यात ओतलेल्यावर होतं. लंडनमधल्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे नेलं, त्यांनी माझ्यासमोर डबी उघडली आणि पहिल्यांदा कडच बघितली. तिथे डेकस एट टुटामेन (लॅटिनमध्ये, शोभा आणि संरक्षण) आणि पुढे आन्नो रेग्नी टर्शिओ (राज्याच्या तिसऱ्या वर्षी) अशी उठावदार अक्षरं हवी होती. होती काय, तर कानशीने घासल्याच्या रेघा आणि मधोमध साच्याची शिवण. काट्यावर वजन भरलं 25.8 ग्रॅम, खऱ्या क्राऊनचं 30 च्या आसपास असतं.

कडेवर एवढा भर देतोय कारण ही अक्षरं आलीच मुळी फसवणूक थांबवायला. आधीच्या हातोड्याने पाडलेल्या नाण्यांच्या कडा लोक कातरून चांदी काढून घ्यायचे, म्हणून 1662 पासून मशीनवर पाडलेल्या क्राऊनच्या कडेवर मजकूर घालायला सुरुवात झाली, नंतर हाफ क्राऊनवरही. शिलिंग या लहान नाण्यावर मजकूर नसतो, नुसत्या रेघा असतात, त्यामुळे तिथे वजन बघा, साधारण 6 ग्रॅम. आणि ॲनच्या नाण्याची मागची बाजूही तपासा: 1707 मध्ये इंग्लंड स्कॉटलंड एक झाले, त्याआधीच्या नाण्यांवर दोघांच्या ढाली वेगवेगळ्या, नंतरच्यांवर एकाच ढालीत दोघांची चिन्हं शेजारी शेजारी. 1703 च्या नाण्यावर जोडलेली ढाल दिसली तर पुढे बोलूच नका.

विकणाऱ्याला कळवलं तर म्हणे तीनशे वर्षं जुनं आहे, झिजणारच. अहो, झिजून कडेची सगळी अक्षरं गेली आणि राणीच्या केसांच्या बटा मात्र जशाच्या तशा? यावर उत्तर नाही, नंबर ब्लॉक. थेट खात्यात पैसे मागतात ते याचसाठी. इथे क्रेडिट कार्डने दुकानदाराला थेट पैसे दिले आणि वस्तू 100 पौंडांच्या वरची असली तर कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता येतं, बँक ट्रान्सफरला ते लागू नाही. बँकेकडे आणि पोलिसात तक्रार केली आहे, अजून काही हाती आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नावाने तसाच एक विगो क्राऊन विक्रीला आलाय. राणीच्या गालावर माझ्या नाण्यावर आहे तोच तिरका ओरखडा, त्याच जागी, तेवढ्याच लांबीचा, आणि माझं नाणं तर माझ्याकडेच आहे, म्हणजे दोन्ही एकाच साच्यातली. मी रिपोर्ट केलंय. तुम्हाला असा गालावर ओरखडा असलेला क्राऊन कुठे दिसला तर तुम्हीही करा.