जहाज तोडायचं कुठे: किनाऱ्यावर की कोरड्या गोदीत?

गुजरातमधल्या अलंगला भरती जवळपास १० मीटर चढते. त्या भरतीवर जहाज वेगात किनाऱ्यावर चढवतात, ओहोटीला ते चिखलात बसतं आणि गॅस कटर सुरू होतात. पोलादाचा तुकडा न् तुकडा विकला जातो, इथवर ठीक. पण कटर फिरला की जुन्या रंगाच्या खपल्या गळतात. त्यात शिसं असतं, शेवाळ-कालवं मारणारी विषं असतात. तळाचं तेलपाणी चिखलात मुरतं आणि पुढची भरती येऊन त्यातलं बरंच समुद्रात नेते. चिखलातून झाडून गोळा करणार तरी काय?

कोरड्या गोदीत दरवाजा लावून पाणी उपसतात. खाली पक्की जमीन, त्यामुळे सांडलेलं उचलता येतं. खर्च मात्र जास्त, आणि गोद्या मोजक्याच.

जुन्या जहाजांत उष्णता रोखायला वापरलेला ॲस्बेस्टॉस दोन्हीकडे सारखाच घातक. त्याच्यावरूनच फ्रान्सची विमानवाहू नौका ‘क्लेमान्सो’ २००६ मध्ये अलंगच्या वाटेवरून परत बोलावली गेली. शेवटी ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत तुटली.

२६ जून २०२५ पासून लागू झालेला, जहाजतोडणीबद्दलचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार किनाऱ्यावरच्या तोडणीला बंदी घालत नाही. युरोपीय संघाच्या मान्यताप्राप्त तोडणी-यार्डांच्या यादीत मात्र किनाऱ्यावर तोडणारं एकही यार्ड नाही, आणि मला तरी ती यादीच पटते.