विंडोज सोडताना: मॅक की लिनक्स मिंट? हाताच्या सवयी कुठे जुळतात, कुठे अडतात

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेल्या मशिनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशा वेळी विंडोज सोडायचं ठरलं, तर सहसा दोन वाटा असतात: नवा मॅक घ्यायचा किंवा आहे त्याच मशिनवर लिनक्स (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं. लिनक्सच्या अनेक प्रकारांतून इथे मिंटची सिनॅमन आवृत्ती घेतली आहे, कारण विंडोजवाल्याला ती सर्वांत कमी परकी वाटते. फेडोरा वर्कस्टेशन या दुसऱ्या प्रकारात खिडकीला मिनिमाइजचं बटणही सुरुवातीला नसतं, त्यामुळे 'लिनक्स वापरून पाहिलं, जमलं नाही' असं कुणी सांगितलं तर आधी कोणतं ते विचारावं.

निवडीचा मुद्दा थोडक्यात असा: मॅकवर प्रोग्राम ओळखीचे मिळतात, पण कीबोर्ड अनोळखी वागतो. मिंटवर कीबोर्ड ओळखीचा, पण प्रोग्राम बदलावे लागतात. एखादी की दाबल्यावर काहीच झालं नाही तर माणूस शोधून काढतो. तीच की दाबल्यावर भलतंच झालं, तर मात्र नुकसान होतं. मॅकवर हा दुसरा प्रकार जास्त.

फाईल आणि फोल्डर

मिंटच्या नेमोमध्ये (फाईली पाहायच्या प्रोग्राममध्ये) एंटरने फाईल उघडते, एफ२ ने नाव बदलतं, कंट्रोल+एक्स आणि कंट्रोल+व्ही ने फाईल हलते. शिकण्यासारखं फार काही नाही. मॅकवर त्याच कामाच्या फाइंडरमध्ये एंटर दाबलं की फाईल उघडण्याऐवजी नाव बदलायची चौकट येते. उघडायला कमांड+ओ. फाईल कट करायची सोयही नेहमीच्या पद्धतीने नाही: कमांड+सी ने कॉपी करायची आणि नव्या जागी ऑप्शन+कमांड+व्ही दाबायचं, म्हणजे हलवायचं की नक्कल करायची हे पेस्ट करताना ठरतं. डिलीट लिहिलेली की अक्षरं मागे खोडते. फाईल ट्रॅशमध्ये टाकायला कमांड+डिलीट.

खरा धोका पुढे आहे. विंडोजमध्ये 'फोटो' नावाचा फोल्डर दुसऱ्या 'फोटो' फोल्डरच्या जागी कॉपी केला, तर दोन्हींतल्या फाईली एकत्र होतात. नेमोही एकत्र करायचं का ते विचारतो. फाइंडरमध्ये मात्र 'रिप्लेस' म्हटलं की जुना फोल्डर अख्खा जातो आणि त्याच्या जागी नवा येतो. जुन्यात दोनशे फाईली आणि नव्यात पाच असतील, तर पाचच उरतात. गेलेल्या फाईली ट्रॅशमध्ये मिळतील या भरवशावर राहू नका. ऑप्शन की धरून फोल्डर ओढला तर कधी कधी 'मर्ज'चा पर्याय येतो, नेहमी नाही. म्हणून फोल्डर न उचलता आतल्या फाईली निवडून कॉपी कराव्यात, आणि आत उपफोल्डर असतील तर त्यांनाही हाच नियम लागतो हे ध्यानात ठेवावं. बॅकअप घेण्यासाठी फोल्डर ओढून टाकायची सवय असलेल्यांनी मॅकवर पहिल्या दिवशी हे एवढं तरी पाठ करावं.

मिंटची खोड वेगळी. सी, डी अशी ड्राइव्हची अक्षरं तिथे नसतात. तुमचं सगळं 'होम'मध्ये, पेनड्राइव्ह डावीकडच्या पट्टीत. शिवाय रोमन नावांतली लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, त्यामुळे एकाच नावाच्या वाटणाऱ्या दोन फाईली शेजारी शेजारी नांदू शकतात.

खिडक्या आणि कीबोर्ड

मॅकवर लाल बटणाने खिडकी बंद होते, पण प्रोग्राम बहुधा चालूच राहतो. तो बंद करायला कमांड+क्यू. कमांड+टॅब प्रोग्राम बदलतो, खिडकी नाही. एकाच प्रोग्रामच्या दोन खिडक्यांत जायला कमांड आणि टॅबच्या वरची की. होम आणि एंड ओळीच्या टोकाला न जाता सहसा दस्तऐवजाच्या टोकाला नेतात. ओळीसाठी कमांड+बाण, शब्दासाठी ऑप्शन+बाण.

सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली 'मॉडिफायर कीज' आहे. तिथे कंट्रोल आणि कमांडची अदलाबदल केली की कॉपी-पेस्ट जुन्या जागी येतं, पण प्रोग्राम बदलायला मग कंट्रोल+टॅब दाबावं लागतं. एक ठिगळ लावलं की दुसरीकडे उसवतं. त्यापेक्षा दोन आठवडे नेट लावून कमांडची सवय करणं बरं. स्क्रोलची दिशा मात्र लगेच बदलून घ्या. ती माऊस आणि ट्रॅकपॅडची एकत्रच बदलते, वेगवेगळी ठेवायची सोय मूळ सिस्टिममध्ये नाही.

मिंटवर विंडोज-की ने मेनू उघडतो, तीच की आणि बाण दाबून खिडकी अर्ध्या स्क्रीनला चिकटते, विंडोज-की+ई ने होम फोल्डर उघडतो. फसवतं ते विंडोज-की+एल. स्क्रीन लॉक होण्याऐवजी 'लुकिंग ग्लास' नावाची, प्रोग्रामरच्या कामाची खिडकी येते. घाबरायचं कारण नाही, बंद करा. लॉकसाठी कंट्रोल+ऑल्ट+एल आहे आणि कीबोर्ड सेटिंग्जमध्ये ते बदलता येतं. मॅकवर लॉक कंट्रोल+कमांड+क्यू. यात कंट्रोल निसटलं तर समोरचा प्रोग्रामच बंद होतो.

बाकीच्या सोयी

अडकलेला प्रोग्राम मारायला मॅकवर ऑप्शन+कमांड+एस्केप, मिंटवर 'सिस्टिम मॉनिटर'. स्क्रीनशॉटला मॅकवर शिफ्ट+कमांड+५, मिंटवर नेहमीचीच प्रिंट-स्क्रीन की, आणि निवडक भागासाठी तिच्याबरोबर शिफ्ट. विंडोज-की+व्ही ने येणारी कॉपीची यादी मॅकमध्ये मॅकओएस २६ पासून स्पॉटलाइट या शोधपट्टीत आली आहे. मिंटवर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'कॉपीक्यू' घ्यावं लागतं.

देवनागरीत इन्स्क्रिप्ट या प्रमाणित कीबोर्ड मांडणीने टाइप करणाऱ्यांना दोन्हीकडे मांडणी सापडते. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांनी आपल्या सवयीची मांडणी आहे का ते आधी तपासावं, कारण अक्षरांच्या जागा प्रत्येक मांडणीत थोड्या वेगळ्या असतात.

जुनी हार्ड डिस्क सहसा एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये असते. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहू शकत नाही. दोन्हीकडे वापरायची तर एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये करावी, अर्थात आधी डेटा बाजूला काढून. मिंट एनटीएफएसवर लिहितो. तरीही ती डिस्क 'फक्त वाचन' म्हणून उघडली, तर कारण बहुधा विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' असतं: विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेलं असतं, म्हणून लिनक्स तिथे लिहायला नकार देतं. विंडोजमधून ते बंद करून मशिन नीट शट डाउन केलं की प्रश्न सुटतो.

प्रोग्राम

इथे मॅक सरळ पुढे आहे. वर्ड, एक्सेल, फोटोशॉप यांच्या मॅक आवृत्त्या आहेत. अपवाद ॲक्सेसचा, तो मॅकवर नाही. मिंटवर लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस-संचावर भागवावं लागतं. 'व्ह्यू' मेनूतल्या 'युझर इंटरफेस'मधून 'टॅब्ड' निवडलं की वरची पट्टी ओळखीची वाटते, पण मॅक्रो असलेल्या एक्सेल फाईली हमखास चालतील असं समजू नका. विंडोजची इन्स्टॉल फाईल दोन टिचक्यांत चढवायची सवयही सोडावी लागते. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या 'वाइन'मुळे काही प्रोग्राम चालतात, पण रोजीरोटीचं काम त्याच्यावर टाकू नये.

म्हणून पोटापाण्याचा एखादा ठरावीक प्रोग्राम असेल तर मॅक. काम ब्राउझर, पत्रं, साधे तक्ते आणि ढीगभर फाईली असं असेल तर मिंट, तेही नवं मशिन न घेता. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, सुरळीत कामाला ४ जीबी. निदान ४ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते उतरवून (त्यावरचं सगळं पुसलं जातं) इन्स्टॉल न करता चालवून पाहता येतं. तेव्हा वाय-फाय, आवाज, प्रिंटर, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशिन जागं होतं का, एवढं तपासा. या चाचणीत केलेल्या सेटिंग्ज मशिन बंद केल्यावर राहत नाहीत, तेव्हा आवडलेले बदल कागदावर टिपून ठेवा.