ड्राय नीडलिंग : मान सुटली पण पॅकेजच्या नादी लागू नका

रोज डोंबिवली ते सीएसएमटी, बॅग कायम उजव्या खांद्याला आणि मग दिवसभर काउंटरवर मान खाली. दीड वर्ष मान आणि खांद्याच्या मधल्या मांसात एक गाठ घेऊन फिरत होते, दाबली की ठणका थेट कानामागून कपाळाच्या बाजूला. मला वाटायचं अर्धशिशी आहे. मलम, शेक, सासूबाईंचं निरगुडीचं तेल, सगळं करून झालं, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मग ऑफिसातल्या एकीने ड्राय नीडलिंगचं, म्हणजे गाठीत सुया टोचून करायच्या उपचाराचं सांगितलं. पहिल्या ठिकाणी (नाव लिहीत नाही) तपासायच्या आधीच दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारलं, खुर्चीवर बसवूनच सुया टोचल्या, मला घाम फुटून डोळ्यापुढे अंधारी आली. पुन्हा गेले नाही, पैसे गेले ते गेलेच.

दुसरी फिजिओ मात्र सोनं निघाली. आधी वीस मिनिटं नुसते प्रश्न, मग पालथं झोपवून गाठ शोधली, ते मांस चिमटीत धरून वर उचललं आणि मगच सुई. का तर त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक असतं, सुई सरळ खोल गेली तर पंचाईत. सुई केसाएवढी, भरीव, तिच्यातून औषध वगैरे काही जात नाही म्हणून ‘ड्राय’. टोचलेलं कळत पण नाही हो, पण ती नेमकी गाठीत गेली ना की डोळा लवतो तसा स्नायू आपला आपणच उडतो, फक्त दहापट जोरात, आणि तोच ओळखीचा ठणका कानामागे. मी ओरडलेच. ती म्हणाली, ‘हां, हीच ती!’

घरी येऊन वाचलं तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल अशाच गाठींमध्ये भूल द्यायचं औषध टोचायच्या. पुढे 1979 मध्ये कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी लिहिलं की औषध नसलं तरी नुसत्या सुईनेही आराम पडतो. म्हणजे अॅक्युपंक्चरसारखी सुई असली तरी हिशोब वेगळा, तिकडे ठरलेले बिंदू, इथे जिथे गाठ तिथे सुई.

दुसऱ्या दिवशी खांदा असा दुखला की कुणी गुद्दे मारलेत, हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. तिसऱ्या दिवशी मान पूर्ण वळली, प्लॅटफॉर्मवर मागे वळून गाडी बघितली, दीड वर्षांनी! मात्र तिने दिलेले व्यायाम मी गणपतीत आठवडाभर बुडवले आणि गाठ परत हजर. तेव्हा सुईने मोकळं होतं ते व्यायामाने टिकवायचं, हे मला माझ्याच खर्चाने कळलं. एकूण चार वेळा गेले, पाचव्यांदा तिनेच नको म्हटलं.

एक स्टार कापतेय कारण वेळ कधीच पाळत नाहीत, पाऊण तास बसवतात.

आणि हो, नंतर सासऱ्यांना कंबरेसाठी घेऊन गेले. ते रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेतात, हे पहिल्याच प्रश्नात काढून घेतलं तिने. सुया बाजूला ठेवल्या, शेक दिला, दोन व्यायाम शिकवले आणि पैसे निम्मेच घेतले.