जुना डीएसएलआर, ५० एमएम लेन्स आणि एएफ फाइन ट्यून: आठ महिन्यांनंतर

सेकंडहँड डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) घेतला, क्रॉप म्हणजे जरा लहान सेन्सरचा, सोबत ५० एमएम १.८ लेन्स (१.८ हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, आकडा लहान तितकं छिद्र मोठं). कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रॉब्लेम कुठल्याही डीएसएलआरला येऊ शकतो. पहिले दोन महिने नुसती चिडचिड झाली. आजी खिडकीपाशी बसलेली, फोकस पॉइंट बरोब्बर तिच्या डोळ्यावर ठेवला, बीप वाजला, फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला तर डोळे मऊ, म्हणजे धूसर, आणि कानातली कुडी लख्ख, एकेक मोती मोजून घ्या. हात हलला म्हणावं तर मग कुडीपण हलायला पाहिजे होती ना? म्हणजे फोकस लागत होता, पण डोळ्याच्या मागे.

कारण कळल्यावर जीवात जीव आला. व्ह्यूफाइंडरमधून फोटो काढताना फोकस मेन सेन्सर (ज्यावर फोटो उमटतो तो) ठरवत नाही, आरशातून आरपार जाणारा थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावरून खाली वेगळ्या एएफ, म्हणजे ऑटोफोकस, सेन्सरवर जातो आणि तो ठरवतो. या दोन वाटांच्या अंतरात किंवा लेन्समध्ये किंचित फरक असला की फोकस पुढे नाहीतर मागे पडतो. दीड मीटरवर १.८ ला पुढचं-मागचं सगळं मिळून सहा-सात सेंटीमीटरच शार्प येतं, तिथे दोन-तीन सेंटीमीटरची चूक लगेच दिसते. एफ ८ ला छिद्र लहान आणि शार्प पट्टा मोठा, त्यामुळे हीच चूक झाकली जाते, म्हणून किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत येणारी, लहान छिद्राची) बऱ्याच जणांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, तोच फोटो काढून बघायचा. तिथे फोकस मेन सेन्सरवरूनच लागतो, त्यामुळे तिथे शार्प आणि व्ह्यूफाइंडरने मऊ आलं तर कॅलिब्रेशनच, म्हणजे ही चूक मेनूतून भरून काढणं, करायला हवं.

मी कालनिर्णयचं जुनं पान पुठ्ठ्यावर चिकटवून उभं केलं, शेजारी पोराची फूटपट्टी तिरकी टेकवली, पट्टीचा १५ चा आकडा पानाच्या रेषेत. ट्रायपॉड, मधला एकच फोकस पॉइंट, १.८, टायमर. प्रत्येक शॉटआधी लेन्स मुद्दाम आउट ऑफ फोकस करायची, हे विसरू नका, नाहीतर कॅमेरा जागचा हलतच नाही आणि रीडिंग खोटं येतं. पट्टीवर १५ मऊ आणि मागचा १७ शार्प येत होता. मेनूमध्ये (निकॉनला एएफ फाइन ट्यून, कॅननला एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट, दोन्हीकडे वजा २० ते अधिक २०) वजा केलं की फोकस कॅमेऱ्याकडे सरकतो. प्रत्येक आकड्याला आठ-दहा शॉट घेत वजा ९ वर स्थिरावलो. एका फोटोवर निर्णय घेऊ नका, कारण त्याच आकड्यावर शॉट इकडेतिकडे होतातच.

हे करायच्या आधी व्ह्यूफाइंडरशेजारचं डायऑप्टरचं चाक आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा. चष्मा असेल तर नक्कीच, नाहीतर व्ह्यूफाइंडर धूसर दिसतो आणि आपण दोष लेन्सला देतो.

बाकी सेटिंगांचं म्हणाल तर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर सगळ्याला मधला करडा समजतो, म्हणून पांढऱ्या नऊवारीतली आजी काळवंडायची, आता एक्स्पोजर (उजेड) अधिक ०.७ वाढवून देतो. हॉलमधल्या लाइटच्या आडव्या पट्ट्यांवर १/१०० शटर लागू पडलं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, लाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. हळदीच्या फोटोंना मात्र नुसता ब्राइटनेसचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) फसवतो, तिथे लाल चॅनल आधी फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन तपशील हरवतो, आणि चेहऱ्यावरची हळद सपाट पिवळा डाग होऊन बसते. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) काढा.

किट झूमचं मात्र पूर्ण जमलं नाही. १८ एमएमला बरोबर येतं, ५५ ला जरासं मागे पडतं, आणि माझ्या बॉडीत एका लेन्सला एकच आकडा देता येतो, म्हणून ५५ चा धरलाय, पोर्ट्रेट तिथेच काढतो. आणि हा आकडा बॉडीत साठतो, लेन्समध्ये नाही. मित्र माझी ५० त्याच्या बॉडीला लावून घेऊन गेला तेव्हा त्याला पट्टी आणि कालनिर्णय पण सोबत दिलं.