लहान प्रमाणावरील बोर्डजोडणीसाठी टेबलावरचे पिक-अँड-प्लेस यंत्र : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या भोसरीतील लहान उद्योगात शेतीपंपांचे ऑटो स्विच आणि मोबाइलवरून चालणारे स्टार्टर तयार होतात. महिन्याला तीन-चारशे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड लागतात, पण ते एका जातीचे नसतात. सिंगल फेजचे पन्नास, थ्री फेजचे शंभर आणि एखाद्या ग्राहकाने सुचवलेल्या बदलाचे वीस, अशी मागणी एकाच आठवड्यात येते. जॉबवर्कला दिले तर दर परवडतो, परंतु प्रत्येक नव्या बोर्डाला सेटअपचा खर्च, किमान संख्येची अट आणि आठ-पंधरा दिवसांची प्रतीक्षा असते. चिमट्याने हाताने बसवायचे म्हटले तर सत्तर-ऐंशी घटकांच्या (रेझिस्टर, कपॅसिटर, चिप वगैरे) एका बोर्डाला सरावलेल्या हातालाही अर्धा तास लागतो. या कोंडीतून वाट काढण्यासाठी दोन नोझलचे, चिनी बनावटीचे, टेबलावर मावणारे पिक-अँड-प्लेस यंत्र आम्ही घेतले. घटक टेपेच्या खळग्यांत ओळीने भरलेले येतात; असे यंत्र ते नोझलने, म्हणजे हवा ओढणाऱ्या बारीक नळीने, उचलून बोर्डावर आपापल्या जागी ठेवते. त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे मांडलेले गुणदोष बहुतांशी या किमतीतल्या रचनेचेच आहेत आणि अनेक कारखाने थोड्याफार फरकाने हीच रचना विकतात.

खरेदीपूर्वी तीन मार्ग समोर होते. नियोडेन ४ सारखे चार नोझलचे आणि विजेवर चालणाऱ्या स्वतंत्र फीडरांचे (टेप पुढे सरकवणाऱ्या भागांचे) यंत्र आमच्या अंदाजपत्रकाच्या बरेच वर जात होते. लुमेन पीएनपी हे खुल्या आराखड्याचे यंत्र ओपनपीएनपी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, त्याचे भाग दुरुस्त करता येतात आणि बदलताही येतात. मात्र त्याची जुळणी व कॅलिब्रेशन यांत रस असणारा माणूस हाताशी हवा, आणि फीडरांचा खर्च वेगळा धरावा लागतो. तिसरा मार्ग म्हणजे आम्ही निवडलेला वर्ग : टेपचे गाळे, म्हणजे फीडर, यंत्रातच बसवलेले, व्हॅक्यूम पंप आतच, वेगळा कॉम्प्रेसर नको आणि किंमत त्या मानाने आटोक्यात. आयात करताना वाहतूक, सीमाशुल्क आणि १८ टक्के आयजीएसटी यांमुळे यंत्र दारात येईपर्यंत मूळ किमतीच्या दीडपट रक्कम धरून चालणे शहाणपणाचे ठरते. आयजीएसटीची वजावट पुढे मिळते, पण तोपर्यंत खेळत्या भांडवलाला चिमटा बसतोच.

विक्रेते सर्वप्रथम वेग सांगतात. ताशी पाच हजार, सात हजार घटक हे आकडे वाचून निवड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्याने प्रत्येक घटकाची तपासणी चालू ठेवून आमचा ऐंशी घटकांचा बोर्ड दोन-अडीच मिनिटांत होतो, म्हणजे ताशी सुमारे दोन हजार, आणि तेवढा वेग आम्हाला पुरून उरतो. आमच्याकडे खरा वेळ जातो तो टेपा चढवण्यात, त्यांची जागा नेमण्यात आणि मध्येच अडलेली टेप सोडवण्यात. शंभर बोर्डांच्या कामात यंत्र प्रत्यक्ष चालते त्याहून जास्त वेळ पहिल्यांदा त्याची तयारी खाते. म्हणून फीडर किती आणि ते टेप पुढे कशी सरकवतात, याच प्रश्नावर निवड ठरायला हवी.

आमच्या यंत्रात टेप ओढण्याचे काम हेडवरची, म्हणजे नोझल घेऊन फिरणाऱ्या भागावरची, एक बारीक सुई करते. हेड फीडरच्या तोंडाशी येते, सुई टेपच्या कडेच्या छिद्रात उतरते आणि टेप चार मिलिमीटर पुढे ओढते. त्याच वेळी मागच्या बाजूची छोटी मोटर वरची पारदर्शक पट्टी सोलून गुंडाळत असते. या दोन हालचालींचा मेळ हेच सारे कौशल्य आहे. पट्टी सैल सुटली तर घटकाच्या खळग्यावर झाकण तसेच राहते आणि नोझल रिकामे परतते. ती फार ताणली तर सुईला जास्त जोर लावावा लागतो आणि कागदी टेपच्या छिद्राची कड फाटते. एकदा कड फाटली की पुढची प्रत्येक उचल थोडी-थोडी सरकत जाते. प्रत्येक गाळ्याचा ताण टेपच्या जातीप्रमाणे वेगळा लावावा लागतो, कारण कागदी टेपेची पट्टी आणि खळगे पाडलेल्या प्लॅस्टिक टेपेची पट्टी सारख्याच जोराने सुटत नाहीत. ०४०२ या फार बारीक मापाचे घटक टेपेत दोन मिलिमीटर अंतरावर असतात, त्यामुळे एका ओढीत दोन घटक पुढे येतात आणि सॉफ्टवेअरला तसे सांगावे लागते. या कारणासाठी आम्ही ०४०२ टाळून सर्व रेझिस्टर व कपॅसिटर ०६०३ वरच ठेवले आहेत; १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा हा घटक या यंत्राला सहज पेलतो.

ऋतूचा परिणाम इतका जाणवेल, याची कल्पना फारसे कोणी देत नाही. पावसाळ्यात कागदी टेप दमट होते, खळगा किंचित फुगतो आणि घटक त्यात रुतून बसतो. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत याच्या उलट घडते : पट्टी सोलताना निर्माण झालेल्या स्थिर विजेने हलके कपॅसिटर खळग्यातून उडी मारून पट्टीला चिकटतात. खोली बंद ठेवून एसी चालवणे, जुलै-ऑगस्टमध्ये रिळे सिलिका जेलसह हवाबंद पिशव्यांत ठेवणे आणि यंत्राला स्वतंत्र, तपासून घेतलेले अर्थिंग देणे, या तीन गोष्टींनी दोन्ही तक्रारी पुष्कळ कमी झाल्या. मायक्रोकंट्रोलरसारख्या चिपांना तर ही काळजी आणखी आवश्यक आहे. एमएसएल ३ वर्गातील (चिप ओलावा कितपत सोसते हे सांगणारी ही प्रतवारी) चिप पाकीट फोडल्यावर ३० अंश सेल्सियस व ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत १६८ तासच उघडी ठेवता येते, आणि आपल्या पावसाळ्यात ती आर्द्रता खिडकी उघडताच ओलांडली जाते.

लहान उद्योगाची आणखी एक अडचण तुकड्यांची आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांतून, आपण पुष्कळदा पूर्ण रीळ न घेता हातभर-वावभर टेप घेतो. सोलणाऱ्या चाकापर्यंत पट्टी पोहोचायला सुरुवातीची पंधरा-वीस सेंटिमीटर टेप खर्ची पडते. एक मीटर टेपेत ०६०३ चे अडीचशे घटक असतील तर त्यांतील चाळीस-पन्नास असेच जातात. रेझिस्टरच्या बाबतीत हे नुकसान किरकोळ आहे, महागड्या रेग्युलेटर चिपांच्या बाबतीत नाही. तशा चिपांच्या टेपेला आम्ही पुढे रिकाम्या टेपेचा तुकडा जोडतो आणि वरची पट्टी चिकटपट्टीने वाढवतो. हा जोड सरळ आणि छिद्राला छिद्र जुळवून व्हायला हवा. आमच्याकडच्या ताई प्रकाशाच्या पेटीवर टेप ठेवून तो इतका नेमका करतात की सुईला जोड जाणवत नाही.

फीडरांच्या संख्येने मात्र आमच्या बोर्डांची रचनाच बदलली, आणि माझ्या दृष्टीने या खरेदीचा सर्वांत मोठा लाभ तोच आहे. यंत्रात आठ मिलिमीटर टेपेचे गाळे विसाच्या थोडे वर आहेत आणि रुंद टेपांचे मोजकेच. आमच्या जुन्या आराखड्यात ४.७ किलोओहम, ५.६ किलोओहम, १० किलोओहम असे अनेक पुल-अप (सिग्नलची तार पुरवठ्याकडे ओढून धरणारे रेझिस्टर) नुसत्या सवयीने विखुरलेले होते. जिथे मूल्य काटेकोर नाही तिथे सर्वत्र १० किलोओहम केले, ५ किलोओहम हवे तेथे दोन १० किलोओहम समांतर लावले, डिकपलिंगसाठी, म्हणजे चिपांचा वीजपुरवठा स्थिर ठेवण्यासाठी, सगळीकडे १०० नॅनोफॅरडचा एकच कपॅसिटर ठरवला, आणि सिंगल व थ्री फेज या दोन्ही बोर्डांच्या घटकांची यादी जवळजवळ एक केली. आता बहुतेक रिळे कायम चढवलेलीच राहतात आणि एका बोर्डावरून दुसऱ्यावर जाताना फक्त चार-पाच गाळे बदलावे लागतात. यंत्र घेण्याचा विचार करणाऱ्याने आधी स्वतःच्या बोर्डांवरील वेगवेगळ्या मूल्यांची यादी काढावी, ती जितकी छाटता येईल तितकी छाटावी आणि उरलेल्या संख्येवर पाच-सहा गाळे मोकळे राहतील असे यंत्र पाहावे.

अचूकतेबाबत माझी तक्रार नाही. ०.५ मिलिमीटर अंतराचे पाय असलेली सात मिलिमीटरची एलक्यूएफपी (चारही बाजूंना पाय असलेली चपटी) चिप खालच्या कॅमेऱ्याच्या मदतीने नीट बसते. त्यासाठी बोर्डाच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत एक मिलिमीटर व्यासाच्या, भोवती सोल्डर मास्क (बोर्डावरचा रंगीत थर) नसलेल्या फिड्युशियल, म्हणजे कॅमेऱ्याला बोर्डाची जागा दाखवणाऱ्या, खुणा आवश्यक आहेत. ०६०३ घटक किंचित तिरका बसला तरी वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण त्याला पॅडवर ओढून घेतो, मात्र सोल्डर पेस्ट (घटक ठेवण्यापूर्वी पॅडवर छापायचा सोल्डरचा लगदा) दोन्ही बाजूंना सारखी छापलेली हवी. छपाईत कसर राहिली तर कितीही महागडे यंत्र ती भरून काढत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. ०.१२ मिलिमीटर जाडीचे स्टेनलेस स्टीलचे, पेस्ट छापण्याचे स्टेन्सिल आणि ते घट्ट धरणारी चौकट यांवर केलेला खर्च यंत्रावरच्या खर्चाइतकाच मोलाचा आहे. नोझल आपोआप बदलण्याची सोय आमच्या यंत्रात नाही, म्हणून एकावर लहान घटकांसाठी ५०३ आणि दुसऱ्यावर चिपांसाठी ५०५ या क्रमांकांचे, जुकी कंपनीच्या पद्धतीचे नोझल कायम असतात. जीएसएम मॉड्यूल, रिले व कनेक्टर आम्ही हातानेच बसवतो.

सोबतचे सॉफ्टवेअर ओबडधोबड आहे, पण ते नेहमी सारखेच वागते, त्यामुळे एकदा सवय झाली की अडत नाही. कीकॅड (KiCad) या बोर्डाचा आराखडा काढण्याच्या सॉफ्टवेअरमधून निघणाऱ्या स्थानांच्या फाइलमध्ये घटकाचा शून्य अंश एका दिशेला धरलेला असतो आणि टेपेत तोच घटक वेगळ्या दिशेने झोपलेला असतो. डायोड, ट्रान्झिस्टर आणि चिप यांच्यासाठी हा फरक प्रत्येक जातीगणिक एकदा नोंदवून ठेवावा लागतो. आम्ही ही नोंद एका तक्त्यात ठेवली आहे आणि नव्या कामाचा पहिला बोर्ड सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी भिंगाखाली प्रत्येक ध्रुवता त्या तक्त्याशी ताडून पाहिली जाते.

यंत्राला जागा देतानाही विचार हवा. हेड झटक्याने दिशा बदलते तेव्हा हलक्या लोखंडी टेबलाला हादरे बसतात आणि आधी बसवलेले घटक ओल्या पेस्टवर सरकतात. आम्ही विटांच्या बांधावर जाड कडप्पा टाकून ओटा केला आणि तो प्रश्न मिटला. देखभाल अवघड नाही. नोझलची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, छिद्रात अडकलेली पेस्ट बारीक तारेने काढणे, व्हॅक्यूमच्या नळीतला फिल्टर काळा पडताच बदलणे आणि सरकमार्गांना मोजकेच तेल देणे एवढ्यावर ते चालते. विक्रेत्याकडून मदत ई-मेलवर मिळते, दुसऱ्या दिवशी आणि तुटक इंग्रजीत. सुटा भाग यायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे ओढसुई, पट्टी गुंडाळणारे रबरी पट्टे, फिल्टर आणि दोन्ही मापांचे जादा नोझल यंत्राच्या मागणीतच, त्याच खोक्यात मागवावेत. यांतली सुई सर्वांत आधी झिजते, आणि ती वाकली की विसाहून अधिक फीडर एकदम थांबतात.