भुसावळहून घरी येऊन वायफायचा बंदोबस्त करून देणारा नेटवर्कवाला: आमचा अनुभव

सावद्यात आमचा केळीचा व्यापार आहे आणि हिशेब मी घरूनच बघते. बँक, जीएसटी, केळीचे रोज जाहीर होणारे ‘बोर्डाचे’ भाव, वखारीचे कॅमेरे, सगळं एकाच वायफायवर. गाडी भरेपर्यंत ओट्यावर बसणारे ड्रायव्हर आणि दिल्लीकडच्या व्यापाऱ्यांची माणसं, त्यांनाही तोच पासवर्ड. हे मला फार दिवस खटकत होतं, म्हणून भुसावळच्या एका मुलाला बोलावलं. एकटाच काम करतो, दुकान नाही, म्हणून त्याचं नाव इथे लिहीत नाही.

आधी त्याने पासवर्ड विचारला. नेट बसवून गेलेल्या माणसाने आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, मोबाइल नंबरच टाकून दिला होता. मी तो सांगितला तर हा मला बाहेर घेऊन गेला आणि वखारीच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर ठळक अक्षरांत तोच नंबर. म्हणाला, ‘‘वहिनी, पाटी नसती तरी फरक नव्हता.’’ फोन वायफायला जोडला जाताना राउटरशी जी बोलणी होतात, ती रस्त्यावर उभं राहूनही टिपून घेता येतात. पुढचं काम घरी बसून कॉम्प्युटर करतो, एकेक अंदाज लावून बघतो. दहा आकडी मोबाइल नंबर सगळेच्या सगळे तपासायला चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही तास पुरतात. डब्ल्यूपीए2 मध्ये, म्हणजे वायफायच्या सुरक्षेच्या जुन्या पद्धतीत, हे चालतं. 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए3 या नव्या पद्धतीत असं घरी बसून अंदाज लावणं जमत नाही. आमचा एक जुना कॅमेरा डब्ल्यूपीए3 घेत नाही, म्हणून दोन्ही चालतील अशी सेटिंग ठेवावी लागली, आणि म्हणूनच पासवर्ड लांब हवा यावर तो अडून बसला. 8 ते 63 अक्षरं चालतात. घरात बोलतो ते लेवा बोलीतले, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत घ्या, असं त्याने सुचवलं. हे मला फार आवडलं. आबांनाही लगेच पाठ झाला.

आणि पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा लॅपटॉप माझ्याकडे सरकवून तो ओट्यावर जाऊन बसला. राउटरच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’च होता, तोही माझ्याच हाताने बदलून घेतला. बाहेरून राउटर उघडता येण्याची सोय बंद केली, नवं फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, टाकलं, आणि जाताना जोडलेल्या यादीतून स्वतःचा फोन काढायला लावला. दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्याकडे राहू नये याची इतकी काळजी घेणारा कारागीर मी तरी पाहिला नव्हता.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने फोन जोडायची राउटरमधली सोय, त्याने न विचारता बंद केली. त्याचा पिन आठ आकडी असतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत सापडतो. हे 2011 पासून जगजाहीर आहे, तरी जुन्या राउटरवर ती चालूच असते. मी वायफायचं नाव लपवायला सांगितलं, त्याला मात्र त्याने नकार दिला. फोन जोडताना नाव हवेतून जातंच, उगाच समाधान कशाला, म्हणाला. यासाठी पैसे लावू शकला असता.

ड्रायव्हरांसाठी वेगळं पाहुण्यांचं नेटवर्क झालं, त्यातून आमचा हिशेबाचा कॉम्प्युटर दिसत नाही. आबांना हे आधी पटत नव्हतं, दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं! आता नाही म्हणावं लागत नाही. पण तिथेही उघडं सोडू नका, पासवर्ड ठेवा आणि बदलत राहा. 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका परदेशी रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि तपास आधी त्याच्याच दारात पोचला होता.

एक तक्रार आहे. कॅमेरेही त्याने त्याच पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाकले होते, म्हणून पासवर्ड बदलला की कॅमेरे तुटायचे. फोन केल्यावर येऊन 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचं वायफाय कॅमेऱ्यांना आणि 5 गिगाहर्ट्झचं ड्रायव्हरांना असं वेगळं करून गेला. फेरीचे पैसे घेतले नाहीत, पण हे पहिल्याच वेळी सुचायला हवं होतं. शिवाय ज्यांच्या फोनला 5 पकडत नाही ते आता ओट्यावर नुसते बसून राहतात, त्याला त्याच्याकडे उत्तर नाही.

एकूण ₹800 घेतले. बोलवायचंच असेल तर उन्हाळ्यात सकाळी बोलवा, आणि घरातले सगळे फोन जवळ ठेवा, कारण पासवर्ड बदलला की प्रत्येक फोन नव्याने जोडावा लागतो. आबांचा फोन वखारीत राहिला होता, तर तो पोरगा भर दुपारी तिथवर चालत गेला आणि आबांना स्वतःच्या हाताने पासवर्ड टाकायला लावून आला.