मित्रांना आपल्या कॉटेजवर बोलवावं, की सगळ्यांनी मिळून भाड्याचं घ्यावं?

शहराबाहेर आपलं छोटंसं घर आहे, मित्रमंडळींना दोन-तीन दिवस निवांत भेटायचंय. मग त्यांना तिथेच बोलवावं, की सगळ्यांनी खर्च वाटून दुसरं एखादं कॉटेज घ्यावं? बहुतेक जण फक्त पैशाचा हिशेब करतात आणि आपल्या घराच्या बाजूने कौल देतात. माझ्या मते आधी दोन गोष्टी मोजाव्यात: पाणी आणि यजमानाचा वेळ.

माणशी दिवसाला १०० लिटर पाणी धरलं, तरी ८ जणांत १००० लिटरची टाकी सव्वा दिवसात रिकामी होते. गरम पाण्याचं गणित याहून अवघड. १५ लिटरच्या गीझरमधलं ६० अंशांचं पाणी २० अंशांच्या गार पाण्यात मिसळलं, की अंघोळीजोगं, ४० अंशांचं पाणी होतं साधारण ३० लिटर. २ किलोवॅटच्या गीझरला पुन्हा तेवढं तापायला वीसेक मिनिटं हवीत. प्रत्येकाने तेवढंच पाणी वापरलं, तरी आठव्याचा नंबर लागेपर्यंत अडीच तास जातात. शिवाय दोघा-चौघांच्या हिशेबाने बांधलेल्या सेप्टिक टँकमध्ये एकदम खूप पाणी गेलं, की तळाशी न बसलेला गाळ पुढे शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा हळूहळू चोंदतो. म्हणून पाहुणे असताना वॉशिंग मशीन लावूच नये.

भाड्याच्या मोठ्या घरात ही सोय निदान जास्त माणसांसाठी केलेली असते. तरी ‘८ जणांची व्यवस्था’ म्हणजे नेमकं काय, ते विचारून घ्या. कित्येकदा त्यात बैठकीतला सोफाही मोजलेला असतो. पलंग किती, बाथरूम किती, एवढे दोन प्रश्न पुरतात.

आता वेळ. महिनाभर बंद असलेलं घर उघडलं, की मोऱ्यांमधून वास येतो, कारण जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराचा वास अडवणाऱ्या वाकड्या भागातलं, पाणी उडून गेलेलं असतं. प्रत्येक मोरीत मगभर पाणी ओतलं की वास थांबतो. नळ काही मिनिटं सोडून ठेवावे लागतात, कारण पाइपात साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेलासारखे न्यूमोनिया करणारे जंतू वाढू शकतात. फ्रिज आदल्या रात्री सुरू करायचा, गाद्यांना ऊन दाखवायचं, आणि सगळे गेल्यावर आठ जणांच्या चादरी धुवायच्या. हे सगळं एकदोघांच्याच अंगावर पडतं. ज्याला भेटायला लोक लांबून आले, तोच दिवसभर उठबस करत राहतो, आणि हे मला फार खटकतं. भाड्याच्या घरात सगळेच पाहुणे. तिथे न सांगता कुणी भांड्यांना हात घालतं, कुणी केर काढतं. आपल्या घरी तेच मित्र कपाट उघडतानाही विचारतात.

तरीही आपल्या घराची एक जमेची बाजू फार मोठी आहे. भाड्याच्या ठिकाणी दुपारी २ ला प्रवेश आणि सकाळी ११ ला बाहेर असं असेल, तर दोन रात्री म्हणजे जेमतेम ४५ तास. पूर्ण दिवस मिळतो एकच. शेवटच्या सकाळी गप्पा रंगलेल्या असतात आणि आपण बॅगा भरत असतो. आपल्या घरी कुणाच्या मुलाला ताप आला, तर एक दिवस वाढवता येतो. बेत मोडला तरी पैसे बुडत नाहीत. म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ बरोबर असेल, तर मी दुसरा विचारच करणार नाही.

माझा कौल असा: पाहुणे चारपर्यंत असतील तर आपलं घर, सहाच्या वर गेले तर भाड्याचं. मित्रांचे दोन वेगळे गट एकत्र येत असतील, तर संख्या कमी असली तरी भाड्याचंच बरं. खर्च माणशी वाटायचा की कुटुंबामागे, हे बुकिंगच्या आधी ठरवा.

नुसती किल्ली देऊन मित्रांना एकटं पाठवण्याचा पर्यायही आहे. मग मेन स्विच, पाण्याचा पंप आणि गॅसचा कॉक कुठे आहे, ते कागदावर लिहून दारामागे लावा. थंडीत कुणी कोळशाची शेगडी बंद खोलीत नेऊ नये, हेही तिथेच लिहा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही.

आणि आपल्या घरी बोलावणार असाल, तर येण्याच्या वेळेबरोबर निघण्याची वेळही आमंत्रणातच सांगा. ‘रविवारी जेवून निघू’ एवढं आधी ठरलेलं असलं, की शेवटच्या दिवशी कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.